'तीच' की 'तितकीच'? : एका करारनाम्याचे वाचन

जोसेफ हेलर यांच्या 'कॅच-२२' (१९६१) या कादंबरीत मेजर मेजर नावाच्या पात्राचे वडील शेतकरी आहेत. लसूणघास न पिकवणे हा त्यांचा व्यवसाय आहे. न पिकवलेल्या प्रत्येक मापाबद्दल सरकार त्यांना पैसे देते. त्या पैशांतून ते आणखी जमीन विकत घेतात आणि तीवरही लसूणघास पिकवत नाहीत. वर्गात हा भाग वाचला की विद्यार्थी हसतात, आणि त्यात वावगे काही नाही. तो हसवण्यासाठीच लिहिलेला आहे. परंतु या विनोदात एक गाळलेली जागा आहे. ज्या जमिनीवर पीक घ्यायचे नाही असे मालकाने ठरवले, त्या जमिनीवर काल-परवापर्यंत राबणारा माणूस कोठे गेला? हेलर यांच्या शेतकऱ्याकडे कूळ नाही, म्हणून तेथे हा प्रश्न उद्भवत नाही. अमेरिकेच्या दक्षिण भागातील कापसाच्या मुलखात मात्र १९३३ ते १९३९ या काळात तो अत्यंत तीव्रतेने उद्भवला. त्याचा निकाल दोन-तीन शब्दांच्या अर्थावर लागला. साहित्याच्या अभ्यासकांनी या इतिहासाकडे वळावे असे आम्हांस वाटते, ते यासाठीच. हा इतिहास पिकांच्या भावाचा आहे, तसाच तो एका संहितेच्या वाचनाचाही आहे.

प्रथम पार्श्वभूमी. पहिले महायुद्ध संपल्यावर अमेरिकी शेतमालाचे भाव जे घसरले ते सावरलेच नाहीत. १९२९च्या आर्थिक अरिष्टानंतर तर कापसाचा भाव पौंडाला सतरा सेंटांच्या आसपासवरून सहा-सात सेंटांवर आला. मार्च १९३३मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष झाले आणि १२ मे १९३३ रोजी शेती समायोजन कायदा संमत झाला. १९०९ ते १९१४ या वर्षांत शेतकऱ्याच्या मालाला इतर वस्तूंच्या तुलनेत जी क्रयशक्ती होती, ती त्याला परत मिळवून द्यायची, हे या कायद्याचे सूत्र. त्यास 'पॅरिटी' म्हणत. आपण 'समतुल्य भाव' म्हणू. उपाय असा की शेतकऱ्याने लागवड कमी करावी, पुरवठा घटून भाव वाढावा, आणि पडीक ठेवलेल्या जमिनीबद्दल सरकारने त्याला पैसे द्यावेत. हे पैसे कापूस पिंजणाऱ्या-कातणाऱ्या गिरण्यांवर बसवलेल्या प्रक्रिया करातून यायचे होते.

कायदा झाला तेव्हा कापूस पेरून झाला होता. म्हणून १९३३च्या उन्हाळ्यात सुमारे एक कोटी एकरांवरील उभे पीक नांगरून टाकण्यात आले. कापसाच्या तासांवर पाय पडू नये अशी सवय लावलेली खेचरे उभ्या पिकावर पाऊल टाकायला तयार होईनात, अशी आठवण त्या काळाविषयी वारंवार सांगितली जाते. शेतकऱ्यांना रोख रकमेच्या रूपाने दहा कोटी डॉलरहून अधिक मिळाले. भाव वर चढले. १९३४मध्ये कापूस बारा सेंटांच्या पुढे गेला. हे यश खरे होते आणि ते नाकारण्याचे कारण नाही. कर्जाने बुडालेल्या असंख्य लहान मालकांची जमीन या योजनेमुळे वाचली. आमचा प्रश्न त्यापुढचा आहे: शेतकऱ्याला पैसे मिळाले, हे वाक्य वाचताना 'शेतकरी' या शब्दाने कोण सुचवला जातो?

त्या प्रश्नासाठी आपण आर्कान्सास राज्याच्या ईशान्येकडील पॉइनसेट या कौंटीत जाऊ. कौंटी म्हणजे आपल्याकडील जिल्ह्याचे धाकटे रूप. तिचे स्वतःचे न्यायालय, शेरीफ आणि कृषी कचेरी असते. मिसिसिपीच्या खोऱ्यातील हा भाग मूळचा दलदलीचा व दाट जंगलाचा. विसाव्या शतकाच्या आरंभी लाकूड कंपन्यांनी जंगल तोडले, पाण्याचा निचरा करण्यासाठी चर खणले गेले आणि खालची काळी, सुपीक माती कापसाखाली आली. मळे मोठे, मालक थोडे आणि पुष्कळदा दूर शहरात राहणारे. जमीन कसत ते बटाईदार, काही कृष्णवर्णीय तर काही गोरे.

बटाईची रीत आपल्या वाचकांना परकी वाटणार नाही. मालकाने जमीन, खेचरे, अवजारे, बियाणे आणि लाकडी खोपट द्यायचे. कुटुंबाने पेरणीपासून वेचणीपर्यंत राबायचे. आणि कापूस अर्धा-अर्धा वाटून घ्यायचा. मार्चपासून सप्टेंबरपर्यंत पोट भरण्यासाठी मालक आपल्याच दुकानातून उधारीवर माल देई. आपल्याकडे ज्यास खावटी म्हणतात तीच ही. तिचा हिशेब मालकाच्या वहीत, व्याजही मालकच ठरवणार. वर्षअखेर वही उघडली की बटाईदाराच्या अर्ध्या कापसातून खावटी व व्याज वजा होई आणि बहुधा हातात काही उरत नसे. १९३०च्या जनगणनेनुसार दक्षिणेत असे सुमारे ७ लाख ७६ हजार बटाईदार होते. हा आकडा कुटुंबप्रमुखांचा आहे, माणसांचा नव्हे, हे लक्षात घेतले पाहिजे.

आता १९३४-३५ या दोन वर्षांसाठी कृषी खात्याने काढलेला कापसाचा करारनामा समोर ठेवू. त्यात दोन प्रकारचे पैसे होते. एक म्हणजे सरकारने पडीक ठेवण्यासाठी 'भाड्याने' घेतलेल्या जमिनीचे भाडे. त्या जमिनीत जो कापूस सरासरीने निघाला असता त्यावर पौंडाला साडेतीन सेंट असा त्याचा दर होता. दुसरे, समतुल्य भावाच्या दिशेने दिलेली पूरक रक्कम, पौंडाला किमान एक सेंट. भाडे हे जमिनीचे, आणि जमीन मालकाची. म्हणून साध्या बटाईदाराच्या बाबतीत भाडे पूर्णपणे मालकाला. पूरक रक्कम पिकाच्या वाट्याप्रमाणे, म्हणजे अर्धी-अर्धी. हिशेब सरळ आहे. एकूण साडेचार सेंटांपैकी चार सेंट मालकाचे आणि अर्धा सेंट बटाईदाराचा. पीक उभे असताना निम्मा वाटा असणारा माणूस ते पीक न घेण्याच्या मोबदल्यात नवव्या हिश्श्याचा धनी झाला. तो अर्धा सेंटही मालकाच्या हातून यायचा, आणि मालकाकडे खावटीची वही होतीच.

आकड्यांहून अधिक बोलकी आहे ती या करारनाम्याची भाषा. त्यात सही करणाऱ्या पक्षाला 'उत्पादक' म्हटले आहे, आणि हा उत्पादक सामान्यतः जमिनीचा मालक. नांगर धरणारा, खुरपणारा, बोंडे वेचणारा माणूस या संहितेत उत्पादक ठरत नाही. तो 'कूळ' किंवा 'इतर कामकरी' म्हणून वाक्याच्या कर्मस्थानी येतो. त्याचा उल्लेख मुख्यतः सातव्या कलमात आहे, आणि ते कलम शब्दशः न देता त्याचा आशय येथे सांगतो. उत्पादकाने लागवडीतील घट अशा रीतीने करण्याचा सद्भावनेने प्रयत्न करावा की श्रमिक, आर्थिक व सामाजिक जीवनात कमीत कमी खळबळ उडेल. ही घट त्याने शक्य असेल तेथवर कुळांमध्ये समप्रमाणात वाटावी. शक्य असेल तेथवर शेतावरील कुळांची नेहमीची संख्या कायम ठेवावी. आणि कुळांना त्यांच्या घरांत दोन वर्षे विनाभाडे राहू द्यावे. मात्र एखादे कूळ उत्पादकाच्या हिताला उपद्रवकारक किंवा धोकादायक ठरल्यास ही सवलत नाही.

संहितेचे सूक्ष्म वाचन करण्याची सवय असलेल्या वाचकाला येथे अनेक गोष्टी जाणवतील. 'प्रयत्न करावा' हे आज्ञार्थी क्रियापद दिसायला बंधनकारक आहे. पण प्रयत्न केला की नाही याचा पुरावा प्रयत्न करणाऱ्यापाशीच असतो. 'शक्य असेल तेथवर' हे क्रियाविशेषण एकाच कलमात पुन्हा येते आणि प्रत्येक वेळी वाक्यातील बळ काढून घेते. शक्य काय आणि अशक्य काय, हे ठरवणार कोण, यावर कलम मौन पाळते. 'उपद्रव' हा शब्द तर पूर्णपणे मालकाच्या दृष्टिकोनातून उच्चारलेला आहे. आणि 'कुळांची नेहमीची संख्या' या शब्दसमूहात संख्या आहे, माणसे नाहीत. या एका संदिग्धतेवर पुढे शेकडो कुटुंबांचे छप्पर अवलंबून राहिले.

पॉइनसेट कौंटीतील टायरॉन्झा या लहान गावाजवळ हायरम नॉरक्रॉस यांचा फेअरव्ह्यू नावाचा मळा होता. नॉरक्रॉस हे मूळचे सेंट लुईस शहरातील वकील. लागवड घटली की तितक्या कुळांची गरज उरत नाही, हे साधे गणित त्यांनी मांडले आणि काही कुटुंबांना मळ्याबाहेर काढले. अशी हकालपट्टी करणारे ते एकटे नव्हते. त्यांचे नाव इतिहासात राहिले ते पुढे जे घडले त्यामुळे. गावात एच. एल. मिचेल यांचे कपडे धुलाईचे दुकान होते आणि त्याला लागून क्ले ईस्ट यांचा पेट्रोलपंप. दोघेही समाजवादी विचारांचे. १९३४च्या आरंभी समाजवादी नेते नॉर्मन थॉमस तेथे येऊन गेले आणि बटाईदारांची संघटना बांधण्याचा विचार बळावला. जुलै १९३४मध्ये टायरॉन्झाजवळच्या सनीसाइड नावाच्या शाळेत अकरा गोरे व सात कृष्णवर्णीय पुरुष एकत्र जमले.

त्या बैठकीतील वादाचा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. संघटना एक असावी की रंगागणिक दोन? उपस्थितांपैकी एका वृद्ध कृष्णवर्णीय बटाईदाराने १९१९ची आठवण करून दिली. त्या वर्षी आर्कान्सासच्याच फिलिप्स कौंटीत एलेन या गावाच्या परिसरात कृष्णवर्णीय बटाईदारांनी कापसाच्या चोख हिशेबासाठी संघटना बांधली होती, आणि ती रक्तपातात बुडवण्यात आली. मृतांची संख्या किती याविषयी इतिहासकारांत आजही एकमत नाही. दोन्ही वर्णांचे बटाईदार वेगवेगळे राहिले की मालकांचे काम सोपे होते, असा त्या वृद्धाच्या सांगण्याचा रोख होता. ठरले ते एकाच संघटनेचे: सदर्न टेनंट फार्मर्स युनियन, म्हणजे दक्षिणेकडील कूळ-शेतकऱ्यांचा संघ. कायद्याने आणि रूढीने शाळा, चर्च, दवाखाने विभागलेल्या त्या मुलखात हा निर्णय केवढा धाडसाचा होता, हे वेगळे सांगायला नको.

संघाने पहिला मार्ग पत्करला तो न्यायालयाचा. करारनाम्यातील सातव्या कलमाचा भंग करून आपणांस काढले, अशी तक्रार घेऊन नॉरक्रॉस यांच्याविरुद्ध दावा दाखल झाला. आर्कान्सासच्या न्यायालयांनी तो फेटाळला. करार सरकार आणि मालक यांच्यातील आहे. कुळे त्यात पक्षकारच नाहीत. म्हणून त्याच्या भंगाबद्दल दाद मागण्याचा अधिकार त्यांना नाही, असा या निकालाचा आशय. ज्या वाक्यात आपण कर्म आहोत, त्या वाक्याबद्दल तक्रार करण्याचा हक्क कर्त्यालाच असतो, असे व्याकरण या निकालातून सिद्ध झाले.

दुसरा मार्ग वॉशिंग्टनचा. कृषी खात्याच्या या प्रशासनात दोन गट होते. कापूस विभागात दक्षिणेतील मळेवाल्यांशी जवळीक असणारी माणसे होती. मिसिसिपीतील एका अवाढव्य मळ्याचे व्यवस्थापक ऑस्कर जॉन्स्टन हेही त्याच प्रशासनात अधिकारपदावर होते. दुसरीकडे जेरोम फ्रँक यांच्या नेतृत्वाखाली कायदा विभागातील तरुण वकील होते. जानेवारी १९३५मध्ये मेरी कॉनर मायर्स या वकील बाईंना चौकशीसाठी आर्कान्सासला पाठवण्यात आले. त्यांचा अहवाल कधीच प्रसिद्ध झाला नाही. दरम्यान कायदा विभागाने सातव्या कलमाचा अर्थ लावला: मालकाने 'तीच' कुळे ठेवली पाहिजेत. कापूस विभागाचे म्हणणे होते की मालकाने 'तितकीच' कुळे ठेवली की पुरे. पहिला अर्थ घेतला तर संघात सामील झालेल्या बटाईदाराला काढता येत नाही. दुसरा अर्थ घेतला तर त्याला काढून त्याच्या जागी दुसरा आज्ञाधारक माणूस आणता येतो, आणि करार अभंग राहतो.

प्रशासक चेस्टर डेव्हिस यांनी हा वाद फेब्रुवारी १९३५मध्ये मिटवला. कृषिमंत्री हेन्री वॉलेस यांच्या संमतीने जेरोम फ्रँक आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांना नोकरीतून दूर करण्यात आले. 'तितकीच' हा अर्थ टिकला. वॉलेस हे स्वभावाने निष्ठुर नव्हते. पुढे त्यांनी बटाईदारांविषयी सहानुभूतीने लिहिले-बोललेही आहे. पण रूझवेल्ट यांच्या प्रत्येक कायद्याला संसदेत दक्षिणेतील ज्येष्ठ सदस्यांची मते लागत, आणि सिनेटमधील बहुमताचे नेते जोसेफ रॉबिन्सन हे आर्कान्सासचेच होते. एका शब्दाच्या अर्थनिर्णयामागे असे राजकारण उभे होते. अर्थ संहितेत असतो की वाचकात, हा प्रश्न आपण परिसंवादांतून मांडत असतो. तो सत्तेतही असतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण विरळा.

तिसरा मार्ग स्थानिक होता, आणि तो सर्वांत निरुपयोगी ठरला. योजनेची अंमलबजावणी प्रत्येक कौंटीत शेतकऱ्यांच्या समितीमार्फत व्हायची. लोकशाहीचे तळापर्यंत पाझरणे, असे तिचे कौतुक झाले. कापसाच्या मुलखात या समितीवर बसत ते मळेवाले व त्यांचे आप्त. कुळाने मालकाविरुद्धची तक्रार घेऊन जायचे ते मालकाच्या शेजाऱ्याकडे, अशी ही रचना. समितीकडे तक्रार करणारा माणूस 'उपद्रवकारक' ठरण्यास वेळ लागत नसे. संघाच्या सभांवर हल्ले झाले, कार्यकर्त्यांच्या घरांवर गोळ्या झाडल्या गेल्या; मार्च १९३५मध्ये नॉर्मन थॉमस यांनाही बर्डसाँग येथे जमावाने बोलू दिले नाही. संघाने आपली कचेरी राज्याबाहेर, मेम्फिस शहरात हलवली. त्याच वर्षीच्या वेचणीच्या हंगामात संघाने संप पुकारला आणि मजुरीत थोडी वाढही मिळवली.

६ जानेवारी १९३६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रक्रिया कर घटनाबाह्य ठरवला आणि मूळ कायदा कोसळला. त्याच्या जागी आधी मृदसंधारणाच्या नावाने व पुढे १९३८मध्ये नव्या कायद्याने अनुदाने चालू राहिली. या फेरमांडणीत पूर्वीच्या अन्यायाची दखल घेतली गेली. कुळांचा वाटा वाढवण्यात आला. परंतु सुधारणेचा परिणाम उलटा झाला. बटाईदार ठेवला तर अनुदानात वाटेकरी येतो. रोजंदारीचा मजूर ठेवला तर येत नाही. मालकांनी बटाईदारांना काढून त्यांनाच मजूर म्हणून कामावर घेण्यास आरंभ केला. जानेवारी १९३९मध्ये मिसुरी राज्याच्या आग्नेय टोकाला अशी हजाराहून अधिक बेघर माणसे आपले पलंग, चुली व पोरेबाळे घेऊन महामार्गाच्या कडेला येऊन बसली. ओवेन व्हिटफील्ड हे कृष्णवर्णीय धर्मोपदेशक त्यांचे नेते होते. आर्थर रॉथस्टीन यांनी सरकारी खात्यासाठी काढलेली त्यांची छायाचित्रे आजही पाहता येतात. बर्फाळ हवेत रस्त्याकडेला मांडलेला तो संसार पाहिला म्हणजे 'कमीत कमी खळबळ' या शब्दांचा अर्थ कळतो.

या सगळ्याचे खापर केवळ अनुदानावर फोडणे योग्य होणार नाही. बटाईची पद्धत आधीपासूनच जर्जर झाली होती. ट्रॅक्टर आले होते. १९३६मध्ये रस्ट बंधूंच्या कापूस वेचणी यंत्राचे प्रात्यक्षिक मिसिसिपीत झाले. पण यंत्र घ्यायला भांडवल लागते, आणि मंदीच्या त्या दशकात मालकाच्या हाती रोख रक्कम ठेवणारे साधन म्हणजे सरकारी धनादेश होता. भाडे जमिनीला मिळाले, त्यातून ट्रॅक्टर आला, ट्रॅक्टरने कूळ काढले. १९३० ते १९४० या दहा वर्षांत दक्षिणेतील बटाईदारांची संख्या सुमारे ७ लाख ७६ हजारांवरून सुमारे ५ लाख ४१ हजारांवर आली. दोन लाख पस्तीस हजार कुटुंबे बटाईतून बाहेर पडली, आणि त्यांतील फार थोडी स्वतःच्या जमिनीवर गेली.

साहित्याने यातले काय टिपले? स्टाइनबेक यांच्या 'द ग्रेप्स ऑफ रॅथ' (१९३९) या कादंबरीत ओक्लाहोमातील कूळ-कुटुंब जमिनीवरून उठवले जाते. तेथे खलनायक म्हणून उभी राहतात ती दोन रूपे, बँक आणि ट्रॅक्टर. भाव टिकवण्यासाठी अन्नाचा नाश होतो त्याविषयीचा संतापही कादंबरीत आहे. पण ट्रॅक्टरमागचा सरकारी धनादेश तीत ठळक होत नाही. उलट सरकारी छावणी हीच त्या कुटुंबाला मिळालेली माणुसकीची एकमेव जागा. १९३६मध्ये जेम्स एजी आणि वॉकर एव्हान्स अलाबामातील हेल कौंटीत तीन कापूसकरी कुळांच्या घरी जाऊन राहिले. त्यातून 'लेट अस नाऊ प्रेज फेमस मेन' (१९४१) हा ग्रंथ निर्माण झाला. या कामासाठी एव्हान्स यांना त्यांच्या सरकारी नोकरीतून उसने घेण्यात आले होते. एका हाताने कूळ उठवणारे आणि दुसऱ्या हाताने त्याचे छायाचित्र काढणारे सरकार एकच होते, हे ध्यानात घेऊन ती चित्रे पाहिली तर त्यांतील स्तब्धता अधिक अस्वस्थ करते. संघाच्या आतून बोलणारा आवाज होता तो जॉन हँडकॉक्स या बटाईदार कवी-गायकाचा. मळेवाला आणि बटाईदार यांच्यातील विषम हिशेब त्यांच्या गाण्यांचा विषय आहे. अमेरिकी साहित्याच्या आपल्या अभ्यासक्रमांत पहिल्या दोघांना जागा असते. हँडकॉक्स यांना ती क्वचितच मिळते. पक्षकार नसलेल्याची साक्ष वाङ्मयाच्या दरबारातही उशिरानेच नोंदवली जाते, असे म्हणावे लागते.

मराठी वाचकाने हा दूरदेशीचा इतिहास का वाचावा, असे कोणी विचारील. वऱ्हाडच्या कापसाचे आणि अमेरिकी दक्षिणेचे नाते १८६१ ते १८६५च्या यादवी युद्धापासूनचे आहे. तेथील कापूस अडला तेव्हा मँचेस्टरची नजर वऱ्हाडाकडे वळली. परंतु आमचा रोख त्याहून जवळच्या गोष्टीकडे आहे. १९४८च्या मुंबई कूळकायद्याच्या अंमलबजावणीचा अभ्यास वि. म. दांडेकर आणि जी. जे. खुदानपूर यांनी गोखले संस्थेच्या वतीने केला व तो १९५७मध्ये प्रसिद्ध झाला. कुळांनी 'स्वेच्छेने' जमिनी मालकांना परत केल्याची प्रकरणे मोठ्या प्रमाणावर आढळतात, असे त्यांनी दाखवून दिले. कायदा कुळाच्या बाजूचा होता. त्यातील 'स्वेच्छा' हा एक शब्द मालकाच्या बाजूने वाचता येत होता. पॉइनसेटमधील 'शक्य असेल तेथवर' या शब्दांचा हा सख्खा भाऊ आहे.

आजही शेतकऱ्याला सरकारी मदत द्यायची म्हणजे प्रथम शेतकरी कोण हे कागदावरून ठरवावे लागते, आणि तो कागद म्हणजे सातबारा. २०१९मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री किसान सन्मान निधीची रक्कम जमीनधारक कुटुंबाला मिळते. दुसऱ्याचे शेत तोंडी बोलीने बटाईने किंवा ठोक्याने करणारा माणूस तीत येत नाही. हमीभावाच्या खरेदी केंद्रावर माल घालायचा तर सातबारा दाखवावा लागतो. सातबाऱ्यावर ज्याचे नाव नाही तो आपला माल मालकाच्या नावाने घालतो किंवा व्यापाऱ्याला मिळेल त्या भावाने देऊन मोकळा होतो. बटाई कागदावर आणायला मालक कचरतो, कारण कूळकायद्याची धास्ती त्याच्या मनात अद्याप आहे. अशा रीतीने कुळाच्या रक्षणासाठी केलेला कायदाच आजच्या बटाईदाराला अदृश्य ठेवण्याचे निमित्त होतो. मिसुरीतील रस्त्याकडेचा संसार ज्या तर्काने उभा राहिला, त्याच जातीचा हा तर्क आहे.

अमेरिकेतही हे प्रकरण १९३९ला संपले नाही. कौंटी समित्यांची व्यवस्था पुढेही चालू राहिली. कर्जे व साहाय्य देताना कृष्णवर्णीय शेतकऱ्यांशी भेदभाव झाला, या आरोपावरून कृषी खात्यावर दाखल झालेल्या दाव्यात १९९९ साली तडजोड झाली, आणि खात्याला एकूण शंभर कोटी डॉलरहून अधिक रक्कम द्यावी लागली. दावा करणाऱ्यांपैकी अनेकांचे म्हणणे तेच होते: आमचा अर्ज ज्यांच्यापुढे जाई ते आमच्या कौंटीतील शेजारीच होते.

टायरॉन्झामध्ये मिचेल व ईस्ट यांच्या त्याच दुकानांच्या इमारतीत २००६पासून कूळ-शेतकरी संघाचे संग्रहालय आहे. शेतीविषयक अनुदाने असावीत की नसावीत, हा वाद अर्थशास्त्रज्ञांनी घालावा. त्यात आम्ही पडत नाही. साहित्याच्या विद्यार्थ्याने निराळे काम करावे, असे आम्हांस सुचवायचे आहे. शासकीय निर्णय, करारनामा, योजनेचे परिपत्रक हेही गद्यच आहे, आणि आपल्या काळात सर्वाधिक लोकांच्या आयुष्यावर परिणाम करणारे गद्य तेच आहे. कादंबरीतील निवेदकाला आपण जे प्रश्न विचारतो ते या गद्यालाही विचारावेत: वाक्याचा कर्ता कोण, कर्म कोण, 'शक्य' कोणाला आणि 'उपद्रव' कोणाचा. १९३५मध्ये वॉशिंग्टनमधील काही तरुण वकिलांनी हे प्रश्न विचारले, आणि त्यांची नोकरी गेली. आपल्या वर्गात ते विचारायला अद्याप कोणाची मनाई नाही.